तारामतीची जागा : चित्रपटातील स्त्रीच्या अनुपस्थितीविषयी

१

मुख्य प्रवाहातील चित्रपटात स्त्रीला पुरेसे स्थान नाही, हे विधान आजवर इतक्या वेळा केले गेले आहे की त्यातील 'स्थान' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विधान करणारे बहुधा दोन गटांत विभागले जातात. एक गट मोजणी करतो : पडद्यावर किती स्त्रिया दिसतात, किती बोलतात, परस्परांशी बोलतात की केवळ पुरुषांविषयी बोलतात. ॲलिसन बेकडेल यांच्या चित्रमालिकेतून १९८५ मध्ये आलेली आणि पुढे त्यांच्याच नावाने रूढ झालेली कसोटी ही या मोजणीची सर्वपरिचित खूण होय. दुसरा गट मोजणीऐवजी प्रतिमेकडे पाहतो. पडद्यावरील स्त्री ही पाहणाऱ्या पुरुषाच्या नजरेसाठी रचलेली वस्तू असते, या लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या निबंधातील मांडणीपासून या गटाची वाटचाल सुरू होते. पहिल्या गटाला स्त्री कमी दिसते, तर दुसऱ्या गटाच्या मते ती दिसते तेव्हाही स्त्री म्हणून दिसत नाही.

हे दोन्ही आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतात. आधी एक जागा असते आणि त्या जागेवर स्त्री असते किंवा नसते, असे ते मानतात. ती जागा कशी तयार झाली, तिचा आकार कोणी ठरवला आणि स्त्री आल्यानंतर तो बदलला काय, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात. मराठी चित्रपटाच्या अभ्यासकाला मात्र ते टाळता येणार नाहीत. कारण या चित्रपटाच्या आरंभी स्त्रीची भूमिका स्त्रीच्या आधी अस्तित्वात आली, आणि स्त्रीचे श्रम तिच्या नावाच्या आधी.

या आरंभाची भूमी नाशिक ही होय. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दादरला तयार केला. पण त्यानंतर लगेच ते नाशिकला आले आणि १९४४ मध्ये त्यांचे देहावसानही याच शहरात झाले. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला, गंगापूर रोडवर, कुसुमाग्रजांचे स्मारक आहे. वि. वा. शिरवाडकर यांनी तरुणपणी, १९३६ मध्ये, येथील 'गोदावरी सिनेटोन'मध्ये प्रवेश करून 'सती सुलोचना' या चित्रपटाची पटकथा लिहिली व त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली, हा तपशील त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत आटोपला जातो. प्रस्तुत विवेचनाला तो एका वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. चित्रपटाच्या शीर्षकात स्त्रीचे नाव येणे आणि चित्रपट स्त्रीचा असणे या दोन गोष्टी किती भिन्न असू शकतात, याची ती शीर्षकातच सापडणारी खूण आहे. 'सती' हे विशेषण सुलोचनेला मोठेपण देते, पण ते मोठेपण पतीच्या संदर्भातच सिद्ध होणारे असते. पौराणिक चित्रपटांच्या शीर्षकांतून स्त्रिया विपुल आहेत. त्यांच्या विपुलतेवरून काही सिद्ध होत नाही.

२

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. फाळक्यांनी स्त्री-कलावंतांसाठी जाहिरात दिली, कलावंतिणींकडेही विचारणा केली, पण कोणी तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा नाजूक बांध्याचा तरुण त्यांच्या दृष्टीस पडला, ही कथा सर्वश्रुत आहे. ती सांगण्याची रीतही ठरून गेली आहे. त्या रीतीत फाळके हे अडचणींवर मात करणारे नायक असतात, साळुंके हा अनपेक्षित तोडगा असतो, आणि नकार देणाऱ्या स्त्रिया ही अडचण असते.

या कथेत स्त्रियांनी केलेली एकमेव कृती म्हणजे नकार. तो का दिला गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. कुलीन घरातील स्त्रियांच्या बाबतीत कारण उघड मानले जाते. पण ज्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या लोकांसमोर गात-नाचत होत्या, त्यांच्या नकाराचे काय? त्यांना लज्जेचा अडसर होता, असे म्हणता येत नाही. येथे अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो. परंतु हे अनुमान अवास्तव नव्हे. कलावंतिणीची विद्या तिच्या गळ्यात होती, आणि समोर बसलेल्या श्रोत्याशी घडणाऱ्या देवाणघेवाणीत होती. नव्या यंत्रासमोर तिला आवाज नव्हता, श्रोता नव्हता, दाद नव्हती, आणि आपली छबी पुढे कोण, कोठे, किती वेळा पाहील यावर तिचा ताबाही नव्हता. मूकपटाने तिच्याकडे जे मागितले त्यात तिची कला नव्हती; तिचा देह तेवढा होता. असे मागणे नाकारणे याला मागासलेपण म्हणावे की व्यवसायबुद्धी, हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासकारांनी स्वतःला विचारलेला नाही. नकार हा इतिहासाचा भाग मानला नाही की नकार देणारी व्यक्तीही इतिहासातून वगळली जाते.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. १९१३ मध्येच बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. मराठी प्रेक्षकाच्या मनातील लावण्य, लज्जा आणि विरह यांची परिमाणे त्या काळी स्त्रीपार्टी नटांनी घडवली होती. पारशी आणि मराठी रंगभूमीवरील स्त्रीवेषधारी नटांविषयी लिहिताना कॅथरिन हॅन्सन यांनी दाखवून दिले आहे की या नटांनी स्त्रीची जागा केवळ अडवून धरली असे नव्हे. सार्वजनिक ठिकाणी स्त्री कशी दिसावी, याचा साचाच त्यांनी तयार केला. तेव्हा साळुंके यांची तारामती ही नाइलाजाने केलेली तडजोड होती, एवढेच म्हणणे अपुरे आहे. ती एका प्रस्थापित सौंदर्यदृष्टीचे पडद्यावरील सातत्यही होती.

'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उपलब्ध आहे (तो १९१३ चा की फाळक्यांनी पुढे पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, याविषयी मतभेद आहेत), त्यात तारामती आणि तिच्या सख्या यांच्या जलक्रीडेचे दृश्य आहे. ओलेत्या वस्त्रांतील या सर्व 'स्त्रिया' पुरुष आहेत. भारतीय चित्रपटात पुढे दीर्घकाळ चालत आलेल्या ओलेत्या नायिकेची परंपरा येथे स्त्रीदेहाविनाच सुरू झालेली दिसते. मल्व्ही यांच्या मांडणीत पुरुषाची नजर आणि स्त्रीचा देह हे दोन ध्रुव आहेत. येथे दुसरा ध्रुव रिकामा आहे, तरीही नजरेची रचना पूर्ण आहे. याचा अर्थ असा की ती नजर एखाद्या स्त्रीकडे पाहत नव्हती. ती 'स्त्रीत्व' नावाच्या चिन्हव्यवस्थेकडे पाहत होती. टेरेसा द लॉरेटिस यांनी 'स्त्री' ही कल्पना आणि इतिहासात जगणाऱ्या 'स्त्रिया' यांत जो भेद केला, त्याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण. पडद्यावर स्त्री पूर्णपणे उपस्थित होती; स्त्रिया तेवढ्या नव्हत्या.

३

'स्त्रिया मिळतच नव्हत्या' हे स्पष्टीकरण मात्र फार काळ टिकत नाही. १९१३ मध्येच नाशिकला तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी मोहिनीची भूमिका केली. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई मुलीसह फिरत्या नाटक मंडळीत काम करून उपजीविका करत होत्या. कमलाबाईंचे वय तेव्हा सुमारे तेरा वर्षांचे होते. म्हणजे काही महिन्यांच्या अवधीत 'न मिळणारी' स्त्री मिळाली. तेवढ्यात समाजाचे नियम बदलले नव्हते. ज्यांना ते नियम पाळणे परवडत नव्हते अशा दोन स्त्रिया पुढे आल्या होत्या.

यानंतर चार वर्षांनी, १९१७ मध्ये, 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. भारतीय चित्रपटातील पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिचा उल्लेख कौतुकाने होतो. परंतु 'मोहिनी भस्मासुर'नंतर या निवडीकडे नाइलाज म्हणून पाहता येत नाही. स्त्री कलावंत मिळू शकते हे सिद्ध झाले होते. तरीही सीतेसाठी पुरुष नटच पसंत केला गेला. येथे अनुपस्थिती ही परिस्थिती राहत नाही, तर अभिरुची होते. आणि रामाच्याच देहातून सीता निर्माण झाली, या योगायोगाला काही अर्थ असेल तर तो असा की ज्या आदर्श पत्नीत पतीहून वेगळे असे काहीच उरलेले नाही, ती साकार करण्यास वेगळ्या व्यक्तीची आवश्यकताच भासली नाही.

स्त्रियांना ज्या भूमिका मिळाल्या त्यांचे स्वरूपही तपासण्याजोगे आहे. मोहिनी कोण? भस्मासुराचा नाश करण्यासाठी विष्णूने घेतलेले स्त्रीरूप. पडद्यावर मध्यवर्ती भूमिकेत आलेली पहिली मराठी मुलगी जी स्त्री साकारत होती, ती पुराणकथेच्या तर्कानुसार स्त्री नव्हतीच. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. आरंभीच या मुलीच्या चेहऱ्यावरील भावदर्शनाची दृश्ये दाखवून मग तीच कृष्णवेषात अवतरते. म्हणजे ती मुलगी आहे हे प्रेक्षकापासून लपवलेले नाही. भारतीय मूकपटातील सर्वांत प्रसन्न आणि सर्वांत स्वैर हालचाल करणारा स्त्रीदेह तो हाच. मात्र त्याला हे स्वातंत्र्य दोन अटींवर लाभले : तो अजून मोठा झालेला नसावा, आणि त्याने पुरुष देवाचे रूप घेतलेले असावे. पुरुष तारामती होतो, मुलगी कृष्ण होते, आणि खुद्द मोहिनीच्या आत विष्णू असतो. या सर्व अदलाबदलीत एकच शक्यता कोठे येत नाही : प्रौढ स्त्रीने प्रौढ स्त्री म्हणून स्वतःच्या हेतूने काही करणे.

४

पडद्यामागील चित्र याच्या नेमके उलट आहे. तेथे प्रौढ स्त्री आहे आणि ती सतत काही करत आहे. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने गहाण टाकण्यास दिले, ही गोष्ट त्यागाचा नमुना म्हणून आवर्जून सांगितली जाते. त्यापुढील गोष्टी कमी वेळा सांगितल्या जातात. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश वळवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभे राहणे, ही कामे त्यांनी केली. आणि याच्या जोडीला साठ-सत्तर माणसांच्या जेवणाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. १९१२ मध्ये फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपट्याची वाढ टिपणारा जो लघुपट प्रयोगादाखल केला, तेव्हापासून त्या या उद्योगात होत्या.

या कामांना आजच्या भाषेत नेमकी नावे आहेत, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्या नावांखाली माणसे असतात. सरस्वतीबाईंची कामे मात्र 'साथ' या एका शब्दात विरघळून गेली. स्वयंपाक आणि रसायन या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच हाताने होत होत्या म्हणून रसायनही स्वयंपाकाच्याच वर्गात गेले. स्वयंपाक मात्र कधी तंत्राच्या वर्गात आला नाही. घरातून चालणाऱ्या उद्योगात स्त्रीचे श्रम कसे अदृश्य होतात याचा हा एक नमुना आहे, आणि तो चित्रपटापुरता मर्यादित नाही. शेतीत, हातमागावर, विडीच्या धंद्यात हेच घडले आहे. चित्रपटाचे वेगळेपण एवढेच की दृश्यमानतेचा व्यवसाय करणाऱ्या उद्योगातच ही अदृश्यता घडली.

येथे साळुंके यांची पुढील वाटचाल आठवावी. ते उपाहारगृहातील दरमहा दहा रुपयांची नोकरी सोडून पंधरा रुपयांवर फाळक्यांकडे आले, असे सांगितले जाते. पुढे त्यांनी छायालेखनाची विद्या आत्मसात केली आणि हिंदुस्तान फिल्म कंपनीच्या काळात त्यांनी अनेक चित्रपटांचे छायालेखन केले. एका गरीब कामगाराने कष्टाने मिळवलेले हे यश आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच कंपनीच्या उंबरठ्याआत फिल्मचा प्रत्येक टप्पा हाताळणारी एक स्त्री होती, आणि तिच्यासाठी 'छायालेखक' हे पद कल्पनेतही नव्हते. स्त्रीची भूमिका करणारा पुरुष कॅमेऱ्यामागे जाऊ शकला. कॅमेऱ्याची फिल्म घडवणाऱ्या स्त्रीला तो मार्ग नव्हता. दोघांमधील अंतर कौशल्याचे नव्हते.

परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाने सरस्वतीबाईंना पडद्यावर आणले, हे महत्त्वाचे काम होय. विभावरी देशपांडे यांनी रंगवलेली सरस्वती जिज्ञासू आहे, तल्लख आहे, कामात सहभागी आहे. तरीही चित्रपटाचा खेळकर सूर फाळक्यांच्या ध्यासाभोवती फिरतो, आणि तिचे कर्तृत्व त्या ध्यासाला मिळालेला होकार म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. नकार देणाऱ्या स्त्रिया अडचण ठरल्या, होकार देणारी स्त्री आधार ठरली. कथेचा कर्ता दोन्ही वेळी तोच राहिला.

५

स्त्री प्रत्यक्ष आल्यानंतर काय झाले? कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री'त (१९२०) स्त्री-कलावंत आल्या, आणि १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री पडद्यावर आली म्हणून त्या घटनेचे महत्त्व सांगितले जाते. त्या गौरवातही एक भेद दडलेला आहे. त्याआधी ज्या स्त्रियांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची किंमत मोजली, त्यांच्या येण्याने दार उघडले असे मानले गेले नाही. दार उघडले ते 'कुलीन' स्त्री आली तेव्हा. स्त्रीच्या उपस्थितीची नोंदही अशी जात आणि वर्ग पाहून घेतली गेली.

या चित्रपटात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची आहे. १९१३ मध्ये बालगंधर्वांसमवेत नाटक मंडळी उभारणारे टेंबे एकोणीस वर्षांनी एका स्त्री तारामतीसमोर उभे आहेत. अवघे स्थित्यंतर या एका जोडीत पाहता येते. साळुंके यांच्या निःशब्द तारामतीला आता स्त्रीचा देह आणि स्त्रीचा आवाज मिळाला. पण तारामतीची जागा तीच राहिली. कथेत राजाही विकला जातो आणि राणीही विकली जाते. राजा विकला जातो तो स्वतःच्या वचनासाठी. राणी विकली जाते ती त्याच्या वचनासाठी. सत्त्वपरीक्षा त्याची असते आणि तिच्या यातना हे त्या परीक्षेचे साधन असते. दुर्गा खोटे यांच्या अभिनयाने त्या यातनांना खोली आली, परंतु कथेचा कर्ता बदलला नाही.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील काळातील काही विसंगती उलगडतात. 'कुंकू' (१९३७) मधील शांता आपटे यांची नीरा ही तारामतीच्या जागेवर उभे राहून ती जागा नाकारणारी पहिली मोठी मराठी नायिका होय. आणि तिच्या नकाराला चित्रपटात कारण आहे, भाषा आहे, परिणाम आहे. याउलट 'माहेरची साडी'त (१९९१) नायिका जवळपास सर्वत्र आहे. मोजणीच्या कसोटीवर तो स्त्रीप्रधान चित्रपट ठरेल, आणि स्त्री प्रेक्षकांनी त्याला जे यश दिले त्यावरून स्त्रियांच्या चित्रपटांना गिऱ्हाईक नसते हा व्यापारी युक्तिवादही खोटा ठरतो. परंतु तेथे स्त्रीच्या वाट्याला सोसण्याखेरीज काही नाही. तारामती पडदाभर पसरली आहे, इतकेच.

'अशी ही बनवा बनवी' (१९८८) हे याहून गुंतागुंतीचे उदाहरण. त्यात स्त्रिया पुष्कळ आहेत, एक घरमालकीण आहे, एक दुकानाची मालकीण आहे. म्हणजे संपत्ती स्त्रियांच्या हाती आहे. तरीही चित्रपट लोकांच्या स्मरणात राहिला तो साडी नेसलेल्या दोन पुरुषांमुळे. साळुंके यांच्या साडीखालचा पुरुष विसरायचा होता. येथे तो सतत आठवायचा आहे. भक्तीची जागा विनोदाने घेतली. पण स्त्री होणे म्हणजे पदर, लाजणे आणि आवाज बदलणे, हा साचा दोन्हीकडे एकच आहे. विनोद त्या साच्याला हसतो, की साच्यात न मावणाऱ्या पुरुषाला हसतो, यावर त्या चित्रपटाचे मूल्यमापन अवलंबून राहील. आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्यालाच हसतो.

जागेचाच आकार बदलण्याचे प्रयत्न मराठीत झालेच नाहीत असे नाही. 'उंबरठा' (१९८२) मध्ये स्मिता पाटील यांची सुलभा घराबाहेर पडते ती अन्याय असह्य झाला म्हणून नव्हे, तर तिला काम करायचे आहे म्हणून. मराठी चित्रपटात स्त्रीच्या कामाला मिळालेला हा दुर्मीळ सन्मान होय. सुमित्रा भावे यांच्या 'बाई' (१९८५) पासून 'दोघी' (१९९५) पर्यंतच्या चित्रपटांनी स्त्रीकडे पाहण्याऐवजी स्त्री जिकडे पाहते तिकडे पाहण्यास आरंभ केला. आणि १९९२ मध्ये रीना मोहन यांनी वृद्ध कमलाबाई गोखले यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा मोहिनीला प्रथमच स्वतःविषयी बोलण्याची संधी मिळाली. ऐंशी वर्षांपूर्वी जिच्या आत विष्णू होता, तिच्या आत आता ती स्वतःच होती.

चित्रपटसृष्टीची अधिकृत स्मृती मात्र अजून जुन्याच वळणावर आहे. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून सुरू झाला आणि पहिला मान देविका राणी यांना मिळाला. तेव्हापासून २०२३ सालापर्यंतच्या पन्नासहून अधिक मानकऱ्यांत स्त्रिया आठ आहेत : देविका राणी, सुलोचना (रुबी मायर्स), कानन देवी, दुर्गा खोटे, लता मंगेशकर, आशा भोसले, आशा पारेख आणि वहीदा रहमान. संख्येपेक्षा त्यांचे वर्गीकरण अधिक बोलके आहे. त्यांपैकी काहींनी निर्मितीही केली. पण त्या सर्वांची ख्याती चेहऱ्याची किंवा आवाजाची आहे. यांत केवळ दिग्दर्शक, छायालेखक वा संकलक म्हणून ओळखली जाणारी एकही स्त्री नाही. सरस्वतीबाईंनी ज्या खोलीत काम केले त्या खोलीला पुरस्काराचा दरवाजा अजून जोडलेला नाही, आणि पुरस्कारावर नाव आहे त्यांच्या पतीचे.

म्हणून स्त्रीच्या अनुपस्थितीविषयी बोलताना रिकाम्या जागा मोजण्याआधी भरलेल्या जागा तपासणे अधिक आवश्यक ठरते. १९१३ मध्ये तारामतीची जागा रिकामी नव्हती. ती पूर्ण भरलेली होती, आणि तिच्यात स्त्री नव्हती. १९३२ मध्ये तिच्यात स्त्री आली, पण जागा आधीच्याच मापाची होती. समीक्षेचे काम त्या मापाची चिकित्सा करण्याचे आहे. नकार देणाऱ्या कलावंतिणी, फिल्म धुणाऱ्या सरस्वतीबाई आणि पोटासाठी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई यांना चित्रपटाच्या इतिहासात आठवणींच्या स्वरूपात स्थान आहे. त्यांना पुराव्याचे स्थान मिळेल, तेव्हा 'पहिला भारतीय चित्रपट कोणी केला' या प्रश्नाचे उत्तर एकवचनात देणे कठीण होईल.